पातं ओलं ठेवू नये

दसऱ्याच्या सकाळी समाधानला सुरी सापडली ती देवघरासमोरच्या पाटावर, झेंडूच्या फुलांखाली. फुलं धुऊन वाहिलेली होती, त्यामुळे त्यांच्याखाली सगळंच रात्रभर ओलं राहिलं होतं. कात्री, हातोडी, पाना, मोटारसायकलची जास्तीची किल्ली आणि मधोमध, मानाच्या जागी, त्याची सुरी. पात्यावर गंधाची बोटं ओढलेली, वर हळद-कुंकू, त्यावर अक्षता. त्याने एक फूल उचललं. खाली फुलाच्याच आकाराचा तांबूस डाग होता. दुसरं उचललं. तिथेही होता. कुंकू असेल म्हणून त्याने अंगठा फिरवून पाहिला. कुंकू अंगठ्याला आलं आणि डाग जागेवर राहिला. मग त्याने सुरी खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली. धारेच्या अगदी कडेला, जिथे गंध वाळताना साचलं होतं, तिथे गंजाची बारीक रेघ उमटली होती. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी सोडून ठेवलेली होती, कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि तो हातात सुरी धरून उभा होता. हे कुणी केलं हा प्रश्नच नव्हता. बायकोला, वृषालीला, कालपासून ड्युटी होती. घरात माय एकटी होती, आणि काल खंडेनवमी होती.

त्याला आधी राग आला तो स्वतःचाच. कारखान्यातही काल पूजा झाली होती. पाइप ओढणाऱ्या मोठ्या मशीनला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. क्वालिटीच्या टेबलावरचे मायक्रोमीटर आणि व्हर्निअर पूजेला मांडायचे तर त्याने ते आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले आणि मग पोरांना म्हणाला, आता काय वाहायचं ते वाहा. दरवर्षी तो हे करायचा, आणि दरवर्षी कुणीतरी हसायचं, साहेबांच्या देवाला सर्दी होते म्हणून. तिथलं जेवण करून तो घरी आला, पाटावर फुलांचा ढीग पाहिला, हात जोडले आणि झोपला. कारखान्यात पिशवी आठवते आणि घरी आठवत नाही, ही गोष्ट त्याला गंजाइतकीच खुपली. पण स्वतःवरचा राग फार वेळ पुरत नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो संपलेला होता आणि उरलेला सगळा मायकडे वळला होता.

खरं तर सुरी घरात आली ती मायमुळेच. गेल्या हिवाळ्यात विळीवर वांगी चिरताना तिचं बोट कापलं. तिची विळी, ती तिला पावशी म्हणायची, पारोळ्याजवळच्या गावाहून तिच्याबरोबर आलेली होती. गावचं घर आवरलं तेव्हा भांडी धाकट्या भावाने, पुनाने, धुळ्याला नेली, पितळ मोडीत गेलं, आणि पावशी मायने मांडीवर धरून जळगावपर्यंत आणली. डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तात साखर, आणि पुढ्यात ते उभं, उघडं पातं. बोट भरता भरेना. पू झाला, पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा गोळ्या. वृषाली सिव्हिल हॉस्पिटलात नर्स. अशी बोटं पुढे काय होतात ते तिने नवऱ्याला एकदाच, सासू ऐकणार नाही अशा बेताने सांगितलं. दुसऱ्या दिवशी समाधानने पावशी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. वृषालीच्या ड्युट्या कधीही लागायच्या, त्यामुळे तिने हरकत घेण्याचं कारण नव्हतं. मायने घेतली. पुरुषाने चूल सांभाळायची आणि धडधाकट बाईने टीव्ही पाहायचा, हे गावात कळलं तर लोक काय म्हणतील, असं ती बरेच दिवस म्हणत राहिली. गावात आता ओळखीचं कुणी उरलं नाही, असं समाधान म्हणाला. ते त्याने म्हणायला नको होतं.

मग त्याला चिरण्यासाठी काहीतरी लागणार होतं. घरातल्या सुऱ्या म्हणजे भांड्यांच्या सेटबरोबर फुकट आलेल्या, टोमॅटोच्या सालीवरून घसरणाऱ्या. त्याने कुठलीही वस्तू न मोजता घेतली नव्हती, तशी हीही घेतली नाही. जपानी धाटणीची, सगळ्या कामांची, संतोकू नावाची सुरी त्याला पटली. पातं रुंद आणि आखूड, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत येईल एवढंच. धार जवळजवळ सरळ, त्यामुळे झुलवत बसायचं नाही, सरळ खाली दाबायचं. टोक खाली उतरलेलं, म्हणजे कुणाला भोसकलं जायची भीती कमी. रुंद पात्यावरून चिरलेली भाजी उचलून थेट कढईत टाकता येते. स्टेनलेस घ्यावी की साधं पोलाद, यावर त्याने बरीच रात्रपाळी खर्च केली. स्टेनलेस गंजत नाही, पण तिची धार घरच्या दगडावर पुन्हा तितकी चढत नाही. साधं पोलाद गंजतं, पण धार अशी लागते की पिकलेला टोमॅटो नुसता टेकवला तरी उघडतो. वृषाली म्हणाली स्टेनलेस घ्या, आपलं घर आहे, प्रयोगशाळा नाही. त्याने पोलाद घेतलं. जपणाऱ्याच्या हातात पोलाद गंजत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. नाव ऐकून मायने अर्थ विचारला. भाजी, मासे, मटण, तिन्हीला चालते म्हणून, त्याने सांगितलं. “आपला घरमा मासा कोन कापस?” ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

त्या सुरीचे नियम त्याने कुणाला लिहून दिले नव्हते, पण घरात ते सगळ्यांना पाठ झाले होते. चिरून झालं की लगेच धुवायची, लगेच पुसायची, मग खिडकीशी वाऱ्याला ठेवायची. सिंकमध्ये टाकायची नाही. तारेच्या घासणीने घासायची नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटवर चिरायचं नाही, लाकडी फळीवरच. नारळ, हाड, फ्रीजरमधला बर्फाळ वाटाणा, गुळाची ढेप, काही नाही. लिंबू चिरलं तर तिथल्या तिथे पुसायची. चिरलेलं गोळा करायचं तर धारेने खरवडायचं नाही, पातं उलटं करून मागच्या बाजूने ढकलायचं. दर रविवारी दगड पाण्यात भिजवायचा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत, आणि मग पात्याखाली दोन नाणी सरकतील एवढीच उंची ठेवून धार लावायची, एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी शेंगदाण्याच्या तेलाचा हात. वापरून पात्यावर निळसर करडा थर चढतो, तो गंज नव्हे. तो थरच पुढे गंजाला अडवतो. हे सगळं त्याने वृषालीला उत्साहाने सांगितलं होतं. ती म्हणाली, “घरात दोघांनाच असं लगेच पुसून कोरडं ठेवतात. तान्ह्या बाळाला आणि तुमच्या सुरीला.” शेजारच्या भागाबाई हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मायने त्यांना सुरी लांबूनच दाखवली. “मना पोऱ्यानी नवी सून आनी शे. पानीमा हात घालस नई.” यावर सर्वात मोठ्याने हसली ती वृषाली. समाधानही हसला होता, पण त्या दिवशी हळदीकुंकवाच्या सफरचंदांना वृषालीने तीच सुरी वापरली आणि ओली ठेवली, हे त्याच्या लक्षात राहिलं.

आणि एक नियम होता, जो फक्त मायसाठी होता. तिने सुरीला हात लावायचा नाही. तिच्या भल्यासाठीच. बोथट सुरीने खरचटतं, हिने हाड दिसतं. माय हो म्हणाली होती. पण संध्याकाळी तो चिरायला उभा राहिला की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, चौकटीला हात लावून. त्याला पाठीवर तिची नजर जाणवायची आणि गिलक्याच्या चकत्या आणखी सारख्या व्हायच्या. एकदा ती म्हणाली, मोजी मोजी कापस, पेशंटना जेवन शे का. एकदा तिने भेंडी पुसायला घेतली, तर त्याने पुसून झालेलीच आहे असं सांगितलं. लसूण सोलायला द्यायचा त्याने विचार केला होता, पण सोललेला लसूण बाजारात मिळतो आणि वेळ वाचतो. मेथी निवडायला दिली तर मोतीबिंदूमुळे पिवळी पानं राहून जायची आणि त्याला पुन्हा निवडावी लागायची, म्हणून तेही बंद झालं. कधी कधी चिरता चिरता तिच्या पावशीचा आवाज त्याच्या कानात यायचा. गावच्या पडवीत, कापूस वेचायच्या दिवसांत, वेचणाऱ्या बायांसाठी ती ढीगभर वांगी चिरायची. वांगं पात्यावर टेकवायची, तोंड चाललेलं असायचं, नजर भलतीकडे, आणि फोडी खाली पाण्याच्या पातेल्यात पडत राहायच्या, टप, टप, एकसारख्या. त्याला आठवत होतं की तेव्हा त्याला तिच्या बोटांची कधी काळजी वाटली नाही. पातं पायाखाली दाबून ती बसलेली असायची आणि तिच्याकडे पाहून कुणालाही वाटावं, ही आता उठणारच नाही.

दसऱ्याच्या त्या सकाळी तो सुरी धरून उभा होता, तेव्हाच माय आंघोळ करून आली. केस ओले, कपाळावर कुंकू. तिने पाटाकडे पाहिलं, फुलं विस्कटलेली दिसली, आणि पूजेची हत्यारं दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत, असं काहीसं पुटपुटली. त्याने सुरी तिच्यासमोर धरली. हे काय आहे, त्याने विचारलं. तिने चेहरा जवळ आणला, इतका जवळ की त्याने नकळत पातं मागे घेतलं.

“कुंकू शे रे ते.”

“गंज आहे.”

संतापला की तो घरची अहिराणी सोडून ऑफिसातली मराठी बोलायचा. हे त्याला माहीत होतं, मायलाही माहीत होतं. लहानपणी त्यांच्या गावात कर्जवसुलीवाले नि शाळा तपासणारे असं बोलायचे. तो म्हणाला, हे साधं पोलाद आहे, याला पाणी चालत नाही, मी शंभर वेळा सांगितलंय. माय म्हणाली, लोखंडनी पूजा नई करू ते काय कागदनी करू? तो म्हणाला, कात्री होती, हातोडी होती, पूजा त्यांची करायची. ती म्हणाली, घरात रोजचं अन्न जिच्यावर चिरलं जातं तिला सोडून हातोडीला कुंकू लावायचं, हे तिच्या सासूनेही कधी ऐकलं नसतं. लोखंड कामाला लागलं की गंज पळतो, असंही ती म्हणाली, आणि या वाक्याने त्याचं डोकं पार फिरलं, कारण ते चूक होतं. गंज पळत नाही. गंज पोलादाला आत खातो, धारेत खळगा होतो, आणि तो काढायचा तर धारच खाली आणावी लागते. हे तो तिला नीट, क्रमाने समजावू शकला असता. त्याऐवजी तो म्हणाला, “तुला हिला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? मग कशाला लावलास?”

मायने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांवर ती दुधट साय होती, त्यामुळे ती नेमकी कुठे पाहते हे अलीकडे कळायचं नाही. पाटाशी बसून तिने फुलं पुन्हा सारखी केली, कात्रीवर, हातोडीवर, आणि सुरीची जागा तशीच मोकळी ठेवली.

दुपारी पुना आला, धुळ्याहून, मित्राची गाडी घेऊन. आपट्याची पानं दिली, भावाच्या पाया पडला, श्रीखंड खाल्लं. समाधानने बेकिंग सोड्याचा लेप करून पातं बाटलीच्या बुचाने घासायला घेतलं होतं. पुना म्हणाला, भाऊ, सणाच्या दिवशी तरी बसा. तो बसला, पण हाताला सोडा तसाच होता. बोलताना पुनाने सहज सांगितलं की त्याच्या बायकोचे, रत्नाचे, जेवणाचे डबे वाढलेत, कॉलेजची पोरं, दवाखान्यातले नातेवाईक, सकाळी तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. माय आतून आली ती पिशवी घेऊनच. तिने लुगडं बदललेलं होतं. “मी धुळाले जास. पुनासंगे.” वृषाली ड्युटीवरून नुकतीच परतली होती, तिने सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग त्याच्या हातातल्या बुचाकडे. समाधान म्हणाला, चार दिवस जाऊन ये. गोळ्यांचा डबा भरून देतो. माय म्हणाली, “चार दिन कसाले? तठे ऱ्हास.” त्याने विचारलं, इथे काय कमी आहे? मायने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. हात कोरडे होते, नखं स्वच्छ, बोटांवर ना वांग्याचा काळा डाग, ना हळद.

“मना हातले आठे काय काम शे?”

तो काही म्हणायच्या आत तिने हात मागे घेतले. गाडी गेल्यावर वृषाली म्हणाली, जा, आता घासा. यात टोमणा होता की दमणूक, ते त्याला ठरवता आलं नाही.

पुढचे दिवस तो सुरी दुरुस्त करत राहिला. सोड्याने डाग फिके झाले, गेले नाहीत. धारेवरची रेघ काढायला खडबडीत दगड आणावा लागला. दगडावर पातं फिरवताना त्याच्या डोक्यात सगळे मुद्दे ओळीने उभे राहायचे. विळी बंद केली, बरोबर. सुरी देत नव्हतो, बरोबर. साखर, मोतीबिंदू, बोट, प्रत्येक गोष्ट बरोबर. एकेक मुद्दा तपासला तर पाइपाच्या जाडीसारखा मापात बसत होता, आणि सगळे जोडले की माय घरातून गेलेली होती. याचाच त्याला वैताग यायचा. चूक सापडली असती तर ती काढता आली असती. त्याने पुनाला फोन केला. पुना म्हणाला, मजेत आहे. मजेत म्हणजे काय, त्याने विचारलं. मजेत म्हणजे मजेत, भाऊ. मायला फोन द्यायला सांगितला तर ती कामात होती. वृषाली रात्री त्याला म्हणाली की डोळ्याचं ऑपरेशन आपल्या हॉस्पिटलात लवकर होऊ शकेल, तिने विचारून ठेवलंय. तेव्हा त्याला वाट दिसली. ऑपरेशन होईल, मग माय खुर्चीवर बसून, दिवसाउजेडी, फळीवर, हीच सुरी वापरेल. सुरुवातीला काकडी, दुधी, मऊ भाज्या. तो शेजारी उभा राहील. शेजारी उभा राहील हा भाग त्याने मनातून काढून टाकला, पुन्हा घातला. रविवारी त्याने पातं तेलाने पुसलं, कापडात गुंडाळलं, वर पुठ्ठा बांधला, आणि मोटारसायकल काढली.

एरंडोल मागे पडलं, मग पारोळा. गावाकडचा फाटा आला तेव्हा त्याने तिकडे पाहिलं नाही. पिशवीतला पुठ्ठा गुडघ्याला लागत होता. तो जे बोलणार होता ते त्याने अहिराणीत जुळवायचा प्रयत्न केला, पण ऑपरेशन, फळी, दिवसाउजेडी, सगळं ऑफिसातल्या भाषेतच येत होतं. धुळ्यात पुनाचं घर देवपुरात, खालच्या मजल्यावर, पुढे पत्र्याचं छप्पर घातलेलं अंगण. तो आत शिरला तेव्हा अंगणात डब्यांची रांग उघडी पडली होती, रत्ना गॅसवर शेवटच्या पोळ्या भाजत होती, पुना मोटारसायकलला कापडी पिशव्या अडकवत होता. आणि मधे, जमिनीवर, माय. तिच्या पायाखाली रत्नाची विळी होती, पुढ्यात कोबीचे गड्डे, बाजूला कांद्याची पाटी. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, चिंधीवर हळदीचा पिवळा डाग. समाधानची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. रत्नाने ती पाहिली. ती म्हणाली की परवा थोडं कापलं, डॉक्टरांना दाखवलं, साखर तपासली, ड्रेसिंग ती स्वतः करते. मग आवाज खाली आणून म्हणाली, “भाऊ, मी नको म्हटलं. त्या ऐकत नाहीत. आणि खरं सांगते, त्या नसत्या तर आज डबे निघाले नसते.”

मायने मान वर केली. “कोन शे? समाधान? हात धुई ले. तुले कांदा कापता येस ना?”

येतो, तो म्हणाला. मग बस, ती म्हणाली. जमिनीवर फळी नव्हती. रत्नाने पोळपाट धुऊन उपडा करून दिला. त्याने पुठ्ठा सोडला, सुरी काढली आणि मांडी घालून बसला. पुष्कळ दिवसांनी बसल्यामुळे गुडघे आवाज करून दुमडले. पोळपाट डुगडुगत होता. कांद्याचं पाणी पात्यावर पसरलं की एक निळसर छटा चढत जायची, आणि दर दोन कांद्यांनी पुसायचं ठरवलेलं कापड त्याच्या मांडीवर कोरडं पडून राहिलं, कारण मायच्या बाजूने कोबी विळीवरून इतक्या झपाट्याने खाली येत होता की थांबलं तर लाज वाटली असती. ती बोलत होती. रत्नाशी, पुनाशी, दारातून डोकावणाऱ्या कुणाशी. कोण पोरगं भाजी टाकून देतं, कुणाच्या आजाराला तिखट चालत नाही, सगळं तिला पाठ होतं. त्याच्याशी ती फक्त एकदाच बोलली. मोठं काप, रस्सामा जावानं शे, मोजू नको. त्याने मोठं कापलं.

भाज्या शिजल्या, डबे भरून गेले. पुनाच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरला. रत्ना भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले. समाधान उठला, नळावर सुरी धुतली, पुसली, आणि मायजवळ येऊन उभा राहिला. त्याने सांगितलं. डोळ्याचं ऑपरेशन ठरवलंय, वृषालीने नंबर लावलाय. नंतर घरी तूच भाजी चिरायची, ही सुरी तुझी. मी काही म्हणणार नाही. शेवटचं वाक्य त्याने जुळवलेलं नव्हतं.

मायने ऐकलं. ऑपरेशन करीसू, ती म्हणाली, डोया पाहिजेस. सुरीसाठी तिने हात पुढे केला नाही. तिच्या पुढ्यात आता रात्रीच्या डब्यांची मेथी पडली होती, जुड्याच जुड्या. “घर तुमनं दोन जननं शे. दोन जननी भाजी ती कितली?” ती रागावलेली नव्हती, हे त्याला आवाजावरून कळत होतं. रागावलेली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. तिने एक जुडी सोडली, पानं बोटांनी चाचपली, मग तोंड वर करून पाहू लागली, तो नेमका कुठे आहे ते.

“बाजूले व्हय रे भाऊ. उजेड अडी राहिना.”

तो बाजूला झाला. अंगणात सगळीकडे ओलं होतं, डब्यांची झाकणं, कोबीची पानं, धुतलेला पोळपाट. सुरी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. कुणाला द्यायला धरतात तशी, मूठ बाहेर आणि पातं स्वतःकडे करून, तो ती हातात धरून उभा राहिला.